दोरा तुटायलाच हवा!

मंडळी, शीर्षक वाचून आमचे निम्मे नातेवाईक म्हणणार, काकांचं काहीतरी बिनसलंय. मासे धरायचा दोरा तुटायला हवा? मग खाडीवर जायचंच कशाला, बाजारातून आणा की! थांबा, रागावू नका. सगळं सांगतो.

(घाटावरच्या वाचकांसाठी: गळ टाकून मासे धरणं याला आमच्याकडे गरवणं म्हणतात, आणि त्याला लागणाऱ्या नायलॉनच्या दोऱ्याला तंगूस. हे दोन शब्द आले की पुढचं सगळं समजेल.)

गेल्या रविवारी गळ संपले म्हणून सामानाच्या दुकानात गेलो होतो. पंचविशीतला एक मुलगा आला आणि म्हणाला, "सगळ्यात स्ट्राँग दोरा द्या." दुकानदाराने न विचारता ८० पाउंडाचा विणलेला दोरा काढून दिला. म्हणाला, "हत्ती बांधलास तरी तुटणार नाही." मुलगा खूश. मला राहवेना. विचारलं, "कुठे गरवतोस रे?" म्हणाला, "भाट्याला, खाडीत." "कशाला बसतोस?" "जे लागेल ते, काका."

आता ८० पाउंड म्हणजे ३६ किलो. भाट्याच्या खाडीत त्याच्या गळाला लागणार अर्ध्या किलोची शिंगटी, फार तर दीड किलोची तांबोशी. छत्तीस किलो ओढणारा दोरा तिथे कशासाठी? मासा ओढायला नाहीच. खडकात नाहीतर तिवराच्या मुळात गळ अडकला की तो खडकच वर येईल अशा आशेने! खडक येत नाही. मग खिशातून सुरी निघते, दोरा आपल्या पायाशी कापला जातो, आणि तीस-चाळीस मीटर न तुटणारा दोरा खाडीला अर्पण करून मंडळी घरी जातात.

माझं भांडण या "सगळ्यात स्ट्राँग"शी आहे. दोरा किती ओढतो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तुटायची वेळ आली तर तो कुठे तुटेल? हे ज्याने आधी ठरवलं नाही त्याने दोरा निवडलाच नाही, फक्त विकत घेतला.

हे शहाणपण माझं नाही. लहानपणी आमच्या शेजारी एक तांडेल आजोबा राहायचे. सगळा जन्म होडीवर गेलेला. त्यांच्या गरीची मुख्य दोरी सुताची, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तपकिरी केलेली, आणि पुढे फक्त वावभर तंगूस. तेव्हा आम्हा पोरांना वाटायचं, आजोबांना परवडत नाही म्हणून वावभरच लावलाय. एकदा विचारलं तर म्हणाले, "गळापाशी तुटला तर गळ गेला. हातापाशी तुटला तर सगळंच गेलं." दोन वाक्यं. त्यांचा अर्थ नीट कळायला मला साठ वर्षं लागली, आणि कळला तोही वाईट रीतीने. ते पुढे येईलच.

आधी दोऱ्यांची ओळख करून देतो. जुनी सवय, जात नाही. बाजारात मुख्य प्रकार तीन.

पहिला आपला तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा. नायलॉन पहिल्यांदा तयार झालं ते १९३५ साली अमेरिकेत, ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरॉदर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली. तंगूस ताणला की लांब होतो, मासा झटका देतो तेव्हा तो झटका थोडा पिऊन टाकतो. पाण्यापेक्षा किंचित जड. गाठ छान बसते. दोष असे की पाणी शोषून थोडा कमजोर होतो, रिळावर राहून स्प्रिंगसारखा गुंडाळलेलाच राहतो आणि उन्हाने खराब होतो. स्वस्त आहे, त्यामुळे वर्षाला बदलला तरी खिशाला जड होत नाही.

दुसरा ब्रेडेड. (नागपूरच्या वहिनी, हा खायचा ब्रेड नव्हे!) पॉलिथिनच्याच एका अतिशय लांब रेणूंच्या जातीचे बारीक तंतू वेणीसारखे विणून हा करतात. असे तंतू डायनिमा नावाने १९९० पासून नेदरलँड्समध्ये कारखान्यात तयार होऊ लागले. जाडीच्या मानाने ताकद प्रचंड. २० पाउंडाच्या तंगुसाच्या निम्म्याहून कमी जाडीत तेवढंच ओढतो. ताणला तरी जवळजवळ लांबत नाही, म्हणून साठ मीटरवर माशाने आमिषाला नाक लावलं तरी बोटाला कळतं. पाण्यापेक्षा हलका, तरंगतो. पण कालवं लागलेल्या खडकावर घासला की बघता बघता जातो. बोटाला गुंडाळून ओढलात तर बोट कापतो. आणि साध्या गाठीतून गुळगुळीतपणे निसटतो.

तिसरा फ्लोरोकार्बन. जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ मध्ये आणलेला. दिसायला तंगूसच, पण जास्त कडक, पाण्यापेक्षा बराच जड, पाणी न शोषणारा आणि महाग. याची जाहिरात "पाण्यात अदृश्य" अशी करतात. आता हे जरा तपासू. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, या दोऱ्याचा १.४२, नायलॉनचा सुमारे १.५३. म्हणजे नायलॉनपेक्षा कमी दिसतो हे खरं, पण अदृश्य नव्हे. शिवाय आमच्या खाडीचं पाणी भादव्यात चहासारखं असतं. त्या पाण्यात माशाला माझा दोराच काय, मी स्वतः उतरलो तरी दिसणार नाही. अशा पाण्यासाठी अदृश्य दोऱ्याचे जादा पैसे मोजणं म्हणजे अमावास्येला गॉगल घेण्यासारखं आहे. स्वच्छ पाण्यात, खडकांजवळ, हिवाळ्यात तो जरूर वापरा. पण वावभर, पुढच्या टोकाला. सगळं रीळ भरून नको.

आता "स्ट्राँग"कडे वळू. रिळावर जो आकडा छापलेला असतो तो सरळ दोऱ्याचा. पण गळ काही दोऱ्याला फेव्हिकॉलने चिकटवत नाहीत, गाठ मारतात. मी परसातल्या आंब्याच्या फांदीवर प्रयोग केला. २० पाउंडाचा, म्हणजे ९ किलोचा तंगूस, त्याला गाठ मारून कडी, कडीला बादली, आणि तांब्याने मोजून पाणी. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, अधिक बादलीचं वजन. पाचही वेळा दोरा गाठीशीच तुटला आणि पाचही वेळा ९ किलोच्या आधी. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली केली तेव्हा जास्त ओझं पेललं, कोरडी आवळली तेव्हा कमी. कारण सरळ आहे. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने दोरा तापतो आणि तिथेच दुबळा होतो. ब्रेडेडचं पॉलिथिन तर सुमारे १५० अंशांनाच वितळतं. त्याला साधी गाठ मारली तर बादली अर्धी व्हायच्या आत दोरा गाठीतून निसटला. दोरा अख्खा, गाठ गायब! (सौ.ने बादलीच्या कानाचं काय झालं ते विचारलं. असो.)

म्हणजे ८० पाउंड हा आकडा दुकानातच राहतो. पाण्यात असते ती तुमची गाठ. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन ही १९३९ मध्ये स्थापन झालेली संस्था जगभरातल्या माशांचे विक्रम नोंदवते. तीसुद्धा दोरा तपासते तो ओला करून. कोरड्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. आपण मात्र डबीवरच्या आकड्यावर पैसे टाकतो.

तुम्ही म्हणाल, काका, टीका पुरे, घ्यायचा कुठला ते सांगा. सांगतो. पण उत्तर एक नाही, कारण गरवण्याच्या रीती वेगळ्या आणि मासेही वेगळे.

होडीतून किंवा जेटीवरून नुसत्या हाताने गरवत असाल तर ब्रेडेडला हातही लावू नका. जाड तंगूस घ्या, ०.७० ते ०.९० मिलिमीटरचा. इथे जाडी ताकदीसाठी नाही, हाताच्या कातडीसाठी आहे. मासा ओढतो ना, तेव्हा बारीक दोरा तळव्यात शिरतो. पण या जाड दोऱ्याच्या पुढे वावभर बारीक तंगूस लावा. तांडेल आजोबांची रीत. अडकला तर तो वावभर जाईल.

खाडीत तरंडा लावून काळुंदर किंवा कणकेच्या गोळीवर बोय धरायची असेल तर ०.२० ते ०.२५ चा तंगूस पुष्कळ झाला. काळुंदर नाजूक तोंडाने टोचून टोचून खाते. जाड, कडक दोऱ्यावर आमिष नीट लोंबत नाही आणि ती वळून निघून जाते. इथे "स्ट्राँग" दोरा म्हणजे रिकामी पिशवी.

भाट्याच्या वाळूवरून मुडदुशीसाठी लांब फेकायचं असेल तर बारीक दोरा हवा, कारण जाड दोरा वाऱ्यात अडकून शिसं जवळच पडतं. पण इथे एक गोष्ट उलटी आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. जड शिसं जोराने फेकताना सगळा झटका पुढच्या चार-पाच मीटरवर येतो. तो भाग तुटला तर शिसं गोळीसारखं सुटतं, आणि भाट्याच्या वाळूवर सकाळी फिरायला माणसं असतात. म्हणून तिथे पुढचा भाग मुख्य दोऱ्यापेक्षा जाडच पाहिजे. जुना हिशेब असा की दर औंस शिशाला दहा पाउंड, म्हणजे ८५ ग्रॅमच्या, तीन औंसांच्या शिशाला ३० पाउंडाचा तुकडा. मग तुटायची जागा कुठे? गळाच्या आखूड दोऱ्यात. तो बारीक ठेवायचा. वाळूत अडकायला फारसं काही नसतं, त्यामुळे एवढं पुरतं. म्हणजे नियम तोच. दोरा कुठे तुटावा, आणि कुठे अजिबात तुटू नये, हे दोन्ही आपण ठरवायचं.

तिवरांच्या कडेने नकली मासा फेकून तांबोशी किंवा खजुरा धरायचा असेल तर ब्रेडेडच घ्या. (खजुरा म्हणजे रायगडातला जिताडा, मालवण-गोव्याकडचा चोणक.) ब्रेडेडशी माझं वैर नाही. तांबोशी आमिष घेऊन वळते ती थेट मुळांत शिरते. ताणणाऱ्या तंगुसावर तुम्हाला कळेपर्यंत ती घरी पोचलेली असते. पण ब्रेडेड थेट गळाला बांधू नका! पुढे वाव-दीड वाव तंगूस किंवा फ्लोरोकार्बन लावा. खजुऱ्याच्या कल्ल्यांची झाकणं पात्यासारखी असतात, ब्रेडेड त्याला एका घासात जाईल. आणि हा पुढचा तुकडा मुख्य दोऱ्यापेक्षा कमी ताकदीचा ठेवा. ४० पाउंडाचं ब्रेडेड असेल तर पुढे ३०चा. जोडाच्या गाठीत ब्रेडेडची काही ताकद जाते, म्हणून दोन्हींत अंतर हवं. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावा. मग मासा ओढेल तेव्हा रीळ दोरा सोडेल, आणि अडकलंच तर तुटेल ते गळाजवळ.

खडकावरून गोबऱ्यासाठी बसत असाल तर तुमचा मुद्दा मला ऐकू येतोय. तिथे पुढचा दोरा जाडच लागतो, कारण गोबरा कपारीत शिरतो आणि कालवांच्या धारेवर बारीक दोरा टिकत नाही. कबूल. पण खडकात दहापैकी नऊ वेळा अडकतं ते शिसं, गळ नव्हे. म्हणून शिसं मुख्य दोऱ्याला बांधूच नका. त्याला वेगळा, वीतभर, अगदी हलका तंगूस लावा. शिसं अडकलं की तो तुटेल, शिसं जाईल, पण दोरा आणि कदाचित गोबराही तुमचा. फक्त हे शिसं खाली सोडायचं, जोराने फेकायचं नाही. कारण वर सांगितलंच.

आणि होडीमागे आमिष ओढत सुरमईला जात असाल तर गळापाशी वीत-दीड वीत तार हवी. सुरमईच्या दातांपुढे कुठलाही दोरा, कितीही पाउंडाचा असो, कात्रीपुढच्या सुतासारखा आहे. इथे ८० पाउंड घ्या की १५०, फरक पडत नाही. तारेच्या मागे मात्र पुन्हा तंगूस, आणि त्यामागे मुख्य दोरा.

बघा, सहा रीती झाल्या आणि एकीतही "सगळ्यात स्ट्राँग द्या" हे उत्तर आलं नाही.

आता ते वाईट रीतीने कळलेलं सांगतो. टाळायचा विचार होता, पण दुसऱ्यांना बोल लावून स्वतःचं झाकलं तर वर्गात ज्या मुलांना कान धरून उभं केलं त्यांना काय तोंड दाखवू?

२०१९ च्या दिवाळीत पुतण्याने मला पोपटी रंगाच्या ब्रेडेडचं रीळ आणून दिलं. "काका, तुमचा तंगूस सोडा आता, हे कधी तुटत नाही." मीही भुललो. वयाने शहाणपण येतं असं म्हणतात, मला तरी नवीन वस्तूचा मोह आला. ते थेट गळाला बांधलं आणि तिवरांच्या कडेला बसलो. रीळ बसवताना मध्ये दोरा गुंतला होता, तिथे मी एक जोडगाठ मारली होती. तिसऱ्या फेकीत गळ मुळांत अडकला. ओढला, दोरा हाताला गुंडाळून ओढला, करंगळी कापली. मग चिडून पायाशी सुरीने कापला. मनात एवढंच आलं, दोरा महागाचा होता.

आठवड्याने ओहोटीला त्याच बाजूने चाललो होतो. तिवराच्या फांदीला एक बगळा उलटा लोंबत होता. आधी वाटलं कोणी मारून टांगलाय. जवळ गेलो तर पंखाच्या सांध्यात आणि पायाला दोरा. पोपटी. भरतीबरोबर तरंगत तो दोरा फांद्यांत चढला असणार, आणि बगळा उतरताना त्यात गुंतला. जिवंत नव्हता. सोडवताना दोरा हातात आला तेव्हा त्यात ती गाठ होती. माझी. मी गाठीचं शेपूट जरा लांब ठेवतो, डोळ्यांना दिसावं म्हणून. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यात, अक्षर कोणाचं ते नाव न बघता ओळखतो. स्वतःचं अक्षर कसं नाही ओळखणार?

दोरा खरंच तुटला नव्हता. पुतण्या म्हणाला होता तसाच.

तंगुसाचा वावभर तुकडा पुढे असता तर काय झालं असतं? मुळाशी तेवढा तुकडा आणि गळ राहिला असता. तोही राहू नये हे खरं, पण वावभर बुडणारा तंगूस आणि चाळीस मीटर तरंगणारा न तुटणारा दोरा यांत फरक आहे. त्या बगळ्याएवढा.

हे सांगितलं की जेटीवर तीन उत्तरं मिळतात. तिन्हींना उत्तर देऊन टाकतो.

एक: "दोरा तुटला तर मोठा मासा जाईल." जाईल. पण मोठा मासा कमी ताकदीच्या दोऱ्याने जातो त्यापेक्षा घट्ट आवळलेल्या ब्रेकने आणि कोरड्या गाठीने जास्त जातो. नऊ किलोचा दोरा नीट वापरला तर नऊ किलोहून मोठा मासा येतो, कारण तो तुम्ही उचलत नाही, दमवता. आणि गेलाच तर तोंडात एक गळ घेऊन जाऊ दे, मागे तीस मीटर शेपूट घेऊन नको. ते शेपूट पहिल्या मुळात अडकेल आणि मासा तिथेच बांधला जाऊन मरेल. तुम्हाला नाही, कोणालाच नाही.

दोन: याच्या उलट टोकाचे वीर. "मी चार पाउंडावर एवढा मोठा काढला!" ही फुशारकीही मला मान्य नाही. अति बारीक दोऱ्यावर मासा तासभर झुंजवला तर तो इतका थकतो की सोडून दिला तरी जगेल याची खात्री नाही. आणि निम्मे तर गळ घेऊन पळतातच. तुटायला हवा याचा अर्थ उठसूट तुटायला हवा असा नाही. माशासाठी पुरेसा, अडकल्यावर सुटणारा. एवढंच मागणं आहे.

तीन, आणि हे सगळ्यात लबाड: "समुद्रात एवढी जाळी वाहून जातात, तुमच्या चार हात दोऱ्याचं काय घेऊन बसलात?" जाळी जातात, आणि तो मोठा प्रश्न आहे. पण ज्याचं पोट जाळ्यावर आहे तो जाळं हरवलं तर रात्रभर झोपत नाही. वाळूवर बसून एकेक घर विणून दुरुस्त करतो. आम्ही हौशी लोक पोट भरलेलं घेऊन खाडीवर जातो. त्याच्या नुकसानाचा आधार घेऊन आपला निष्काळजीपणा झाकायचा हे बरोबर नाही. वर्गात "सर, तो पण बोलत होता" असं म्हणणाऱ्या मुलाला आपण काय सांगायचो? तू उभा राहा आधी.

तर मंडळी, एवढं करा. दुकानात गेलात की "सगळ्यात स्ट्राँग" म्हणू नका. कुठे गरवणार, कुठला मासा, हाताने की रॉडने, ते सांगा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर दुकान बदला. पाउंडांबरोबर मिलिमीटर वाचा, ते रिळावर छापलेले असतात. मुख्य दोऱ्याच्या पुढे कमी ताकदीचा तुकडा लावा. गाठ ओली करून आवळा. अडकला तर दोरा हाताला नाही, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून सरळ मागे चालत ओढा, तो पुढेच तुटेल. जुना तंगूस पाण्यात, वाळूत टाकू नका. घरी आणा, कात्रीने बोटभर तुकडे करा आणि मग कचऱ्यात टाका. कोणाच्या पायात अडकण्याइतका लांब राहता कामा नये.

पुतण्यावर माझा राग नाही. त्याने प्रेमाने दिलं होतं. ते पोपटी रीळ अजून आहे आणि मी ते वापरतो, पुढे वावभर तंगूस लावून. बगळ्यातून सोडवलेला दोरा मात्र वेगळा ठेवलाय, गाठीसकट. गरवायच्या पिशवीत, गळांच्या डबीशेजारी. नवा दोरा भरायला बसलो की आधी तो हाताला लागतो.

त्या दुकानातल्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढ्या वेळात तो निघून गेला असता. फक्त वावभर तंगूस माझ्या रिळावरचा काढून दिला आणि म्हटलं, हा पुढे लाव. "तुटेल ना काका हा," म्हणाला. म्हटलं, हो, म्हणूनच देतोय.

लावला की नाही, देव जाणे. तो भाट्याला दिसला तर विचारीन.